सालामांकाचा प्लाझा मायोर: एका दिवसात उरकू नका

अंगणवेल

मागच्या जूनमध्ये लेकीकडे तीन आठवडे सालामांकाला राहून आले. ती तिथे स्पॅनिश शिकते आहे. परत आल्यापासून ओळखीतले तीन-चार जण स्पेनला निघाले आणि प्रत्येकाच्या यादीत एकच ओळ: 'सालामांका, माद्रिदहून जाऊन-येऊन'. सकाळी दहाला पोचायचं, कॅथेड्रल, विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक, चौकात फोटो, की चारची परतीची गाडी. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून शेवटी धागाच काढते.

माझं म्हणणं इतकंच आहे की तिथे एक रात्र तरी मुक्काम करा. चारच्या गाडीने परतणारा माणूस प्लाझा मायोरच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चौकाच्या, कमानी बघून येतो आणि चौक बघायचा राहून जातो.

(लेक मला अजून दुरुस्त करते, 'प्लाझा नाही गं आई, प्लाथा.' तिकडे 'झ'च्या जागी जिभेचं टोक दातांत धरून 'थ' म्हणतात. माझ्या तोंडी प्लाझाच बसलाय, तर इथे तसंच लिहिते.)

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डोक्यावर रणरणतं ऊन, बाल्कन्यांच्या फळ्या ओढलेल्या, सावलीच्या कडेला चार खुर्च्या आणि मधल्या मोकळ्या फरसबंदीवर फक्त कबुतरं. सुंदर होतं, नाही असं नाही. पण ज्या चौकाबद्दल लेक वर्षभर फोनवर बोलत होती तो हाच का, असं वाटलं. ती म्हणाली, 'रात्री नऊला ये माझ्याबरोबर.'

नऊला गेलो तर अजून ऊन होतं. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो. ऊन फक्त पूर्वेकडच्या बाजूच्या वरच्या मजल्यांवर उरलं होतं आणि तो दगड नव्या गुळाच्या ढेपेसारखा दिसत होता. खालचा सगळा चौक सावलीत आणि माणसांनी भरलेला. पोरंपोरी फरसबंदीवरच गोल करून बसलेली, मधे चिप्सची पाकिटं. एक बाई आपल्या आईला चाकाच्या खुर्चीत बसवून चौकाला फेऱ्या मारत होती, दोघींचं बोलणं चालू. दर फेरीला त्या आमच्यासमोरून जायच्या आणि आई काहीतरी आठवून हसायची. दगडी बाकावर चार म्हातारे, चौघांच्याही काठ्या गुडघ्यांमध्ये उभ्या धरलेल्या. पुढच्या तीन आठवड्यांत ते चौघे मला त्याच बाकावर, त्याच क्रमाने बसलेले दिसले. आणि वर पाकोळ्या. शेकडो. त्या चौकोनी आभाळात किंचाळत घिरट्या घालतात, अगदी छपरांच्या कडेला घासून जातात. अंधार पडला की एकदम गप्प.

मग दिवे लागतात. एकेक नाही, चारही बाजूंचे एकदम. मी रोज पाहिलं तरी रोज लोक क्षणभर बोलायचे थांबतात. तिथे जन्म काढलेले लोकसुद्धा मान वर करतात.

थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की बघताना मजा येते. आधी इथे सान मार्तिन नावाचा प्रचंड मोठा बाजारचौक होता. भाजी, मासळी, मातीची भांडी, सगळं एकत्र. स्पेनच्या गादीसाठी झालेल्या वारसाहक्काच्या युद्धात सालामांका पाचव्या फेलिपे राजाच्या बाजूने उभं राहिलं होतं. पुढे रोद्रिगो काबायेरो ई यानेस या तिथल्या कोरेहिदोरने, म्हणजे राजाने नेमलेल्या शहराच्या अधिकाऱ्याने, या गोंधळाच्या जागी एकसारखा बांधीव चौक करायचा प्रस्ताव मांडला आणि १७२९ साली काम सुरू झालं. आराखडा आल्बेर्तो दे चुरिगेराचा. पूर्वेकडचा राजमंडप आणि दक्षिणेची बाजू सहा वर्षांत झाली. मग उरलेल्या दोन बाजूंच्या घरमालकांशी वाद सुरू झाले आणि काम तब्बल पंधरा वर्षं अडून राहिलं. १७५० मध्ये पुन्हा सुरू होऊन १७५५च्या सुमारास चौक पूर्ण झाला. नगरपालिकेची उत्तरेकडची इमारत आन्द्रेस गार्सिया दे किन्योनेसची. तिच्यावर घंटांची जी कमानदार भिंत दिसते ती मात्र नंतरची, एकोणिसाव्या शतकातली.

एकूण ८८ कमानी, २४७ बाल्कन्या. मी आणि लेकीने एका संध्याकाळी कमानी मोजल्या, आमच्या ८७ भरल्या. दुसऱ्या दिवशी परत मोजल्या.

आणि एक. एका संध्याकाळी बाकावर शेजारी एक आजी येऊन बसल्या. लेक दुभाषी. त्यांनी सांगितलं, त्यांच्या तरुणपणी मुलं एका दिशेने आणि मुली उलट्या दिशेने चौकात फेऱ्या मारायच्या. म्हणजे आवडता मुलगा एका फेरीत दोनदा समोरून जायचा. 'पहिल्यांदा बघायचं नाही, दुसऱ्यांदा बघायचं,' आजी म्हणाल्या. मी विचारलं, आणि तिसऱ्यांदा? त्यांनी बोटातली अंगठी दाखवली.

जाऊन आलेल्यांनी भर घाला, जाणाऱ्यांनी प्रश्न विचारा.

मुक्कामपोस्ट

अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही दिवाळीनंतर ऑक्टोबरअखेरीस स्पेनला निघतोय. मी, नवरा, दोन मुलं (११ आणि ७) आणि सासरे. सासरे ७६ वर्षांचे, चालतात पण दर दहा मिनिटांनी टेकावं लागतं. आमच्याही यादीत 'माद्रिदहून जाऊन-येऊन' हेच आहे. रात्र वाढवायची तर तोलेदो किंवा सेगोव्हिया यांपैकी काहीतरी कापावं लागेल. खरंच इतका फरक पडतो का? शिवाय आम्ही सगळे शाकाहारी, अंडं चालतं. थंडी किती असेल?

सुतारपक्षी

अंगणवेल, छान लिहिलंय. व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि शिकत असताना या चौकाची मापं काढलेली आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, हा चौक चौरस नाही. काटकोनही नेमके नाहीत, चारही बाजूंची लांबी वेगवेगळी. कागदावर बघितलं तर वेडावाकडा चौकोन. पण आत उभं राहिल्यावर कोणालाही ते जाणवत नाही. त्याचं कारण तळाची कमानींची रांग. एकाच लयीत कमान-खांब-कमान-खांब अशी चारी बाजूंनी फिरते आणि डोळा तीच लय धरून चालतो. वर तीन मजले, प्रत्येक कमानीवर नेमानं बाल्कनी, त्यांचे लोखंडी कठडे ओळीत. जुन्या गावाच्या आहे त्या गल्ल्या, आहे त्या जमिनी, शेजारची चर्चं सांभाळून हे बसवलंय. दक्षिणेला सान मार्तिनचं बाराव्या शतकातलं चर्च आहे, ते तर घरांच्या पाठीला असं चिकटलंय की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही.

दुसरी गोष्ट दगडाची. हा व्हियामायोरचा वालुकाश्म, शहराला लागूनच असलेल्या गावच्या खाणीतला. खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि इतका मऊ असतो की लाकडासारखा कोरता येतो. वाळला की कडक होतो. आतल्या लोहामुळे हवेत राहून राहून तो सोनेरी-तांबूस होत जातो. चुरिगेरा घराणं मुळात लाकडी वेद्या कोरणाऱ्यांचं. आल्बेर्तोच्या थोरल्या भावाने, होसे बेनितोने, सालामांकातच सान एस्तेबान चर्चची भलीमोठी सोनेरी वेदी केलेली आहे. लाकडावरचा तो हात या दगडावर चालला. स्पेनमध्ये अतिनक्षीदार बरोक शैलीला चुरिगेरेस्क म्हणतात, पण या चौकात त्या नावाला साजेसा अतिरेक अजिबात नाही. नक्षी आहे ती जिथे लागते तिथेच.

या दगडाची एक खोड आहे, पाणी शोषतो. जमिनीतली ओल चढली की पापुद्रे सुटतात. म्हणून सालामांकात अनेक जुन्या इमारतींचा खालचा थर करड्या ग्रॅनाइटचा असतो. भिंतीजवळ गेलात तर हात लावून बघा, गुडघ्याच्या उंचीला दगड बदलतो आणि स्पर्शही बदलतो. विमानातून उतरून चार देश बघणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो, भिंतीला हात लावा.

माद्रिदस्थ

धागा आवडला. पण थोडं वेगळं मत मांडतो. माद्रिदमध्ये नऊ वर्षं राहतोय. एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाला 'चौकासाठी एक रात्र घाला' म्हणणं मला जड वाटतं. माद्रिदचा प्लाझा मायोर तर शहरातच आहे, सालामांकाच्या शंभर वर्षं आधीचा. १६१७ ते १६१९ या दोन वर्षांत हुआन गोमेस दे मोराने उभा केला. तीनदा मोठ्या आगी लागल्या, १६३१, १६७२ आणि १७९०. शेवटच्या आगीनंतर हुआन दे व्हियानुएव्हाने उंची कमी केली, कोपरे कमानींनी बंद केले. आजचं रूप त्याचं. बाल्कन्या २३७. मधे तिसऱ्या फेलिपे राजाचा घोड्यावरचा पुतळा. तोच अनुभव इथे मिळतो की.

अंगणवेल

माद्रिदस्थ, तुमच्या शहरात चार दिवस होते, तो चौकही पाहिला. भव्य आहे यात शंका नाही. पण एक विचारते, मनापासून. तुम्ही स्वतः तिथे शेवटचं कधी बसलात? म्हणजे पाहुण्यांना दाखवायला नव्हे, मित्राला भेटायला म्हणून?

माद्रिदस्थ

प्रश्न बरोबर जागी लागला. आठवत नाही. पाहुणे आले की जातो. माझे स्पॅनिश सहकारी तर फक्त डिसेंबरमध्ये, नाताळच्या बाजारासाठी. एरवी त्यांची भेटायची ठिकाणं वेगळी.

अंगणवेल

मला तेच म्हणायचं होतं. सालामांकात लेकीच्या घरमालकीणबाई दूध आणायला जाताना चौकातून जातात, रस्ता जवळचा नसला तरी. डॉक्टरकडे जाताना चौकातून. शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं होतं, ते मिटवायलाही दोघी चौकातच भेटल्या. लागूनच मंडई आहे, १९०९ सालची विटा-लोखंडाची इमारत. सकाळी पिशव्या घेऊन बायका तिथून निघतात आणि कमानींखाली अर्धा तास उभ्या राहून बोलतात. वरच्या मजल्यांवर आजही घरं आहेत. रात्री एखाद्या बाल्कनीत दिवा लागतो आणि कोणीतरी कुंड्यांना पाणी घालायला येतं.

मुक्कामपोस्ट, तोलेदो सुंदर आहे, पण ते खरोखर एका दिवसात होतं. सेगोव्हियाही. माझं मत विचाराल तर त्या दोन्हींमधलं एक ठेवा आणि सालामांकाला रात्र द्या. सासऱ्यांसाठी हे सगळ्यात सोयीचं गाव आहे. चौक सपाट, गाड्यांना बंदी, बसायला बाकं, पाऊस आला तर कमानींची सावली. चौकापासून कॅथेड्रलपर्यंतचा रस्ताही फक्त चालणाऱ्यांचा आहे. हॉटेल मात्र जुन्या गावातच घ्या, स्टेशनजवळ नको. नाहीतर रात्री परत फिरायचं म्हणून आठलाच उठाल.

थंडी वाजेल. गाव आठशे मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन बरं वाटेल, रात्री स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागेल. तिकडची म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

माद्रिदस्थ

बरं, मग प्रवासाचं मी सांगतो. चामार्तिन स्टेशनवरून थेट गाड्या आहेत, त्यातल्या वेगवान गाड्या साधारण पावणेदोन तास घेतात. पण दिवसभरात मोजक्याच असतात, आधी आरक्षण करा. बस जास्त आणि स्वस्त, वेळ अडीच तासांच्या आसपास. दोन्हीकडून चौकापर्यंत चालत वीसएक मिनिटं, सासऱ्यांसाठी टॅक्सी करा.

शेंगदाणाकूट

शाकाहाराचं मी बोलते, कारण तिथे एक सेमिस्टर काढलंय.

सालामांका हा डुकराच्या मांसाचा प्रांत. जवळचं गिहुएलो गाव हामोनसाठी, म्हणजे डुकराच्या सुकवलेल्या मांडीसाठी, देशभर प्रसिद्ध आहे. तिथे 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको एवढं म्हणून भागत नाही, कारण हामोनचे तुकडे हे अनेकांच्या लेखी मांस नसून चव असते. म्हणून तिन्ही शब्द पाठ करा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन चोरिसो (चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज). मला पहिल्या आठवड्यात मसुराची आमटी आली, त्यात तळाशी चोरिसोचे गोळे. वाढणाऱ्या काकूंना वाईट वाटलं, त्यांनी ताट नेलं आणि तोर्तिया करून आणला.

तोर्तिया दे पातातास म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, ते सगळीकडे. पिमिएन्तोस दे पाद्रोन, म्हणजे तळलेल्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ. बहुतेक गोड्या असतात, एखादी झणझणीत निघते, मुलांना जपून. पातातास मेनेआस हा खास सालामांकाचा पदार्थ: उकडलेले बटाटे घोटून त्यात लसूण आणि लाल पिमेन्तोन, म्हणजे मिरचीची पूड. वर डुकराचे कुरकुरीत तुकडे घालतात, ते नको म्हणून आधीच सांगा. आपल्या बटाट्याच्या भाजीची आठवण होईल. मंडईत पेद्रोसियोचे बारीक चणे आणि आर्मुन्याची मसूर मिळते, दोन्ही याच परिसरातली. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर सासऱ्यांना वरणभातही करून घालता येईल. मंडई दुपारी बंद होते, रविवारी उघडत नाही. ओर्नासो नावाची भरलेली भाकरी दुकानांत छान दिसेल, पण आत सगळं मांस आहे, घेऊ नका.

आणि पैशांचं. चौकातल्या टेबलावर बसून घेतलेल्या कॉफीचा दर आतल्या काउंटरवर उभं राहून घेतलेल्या कॉफीपेक्षा जास्त असतो. स्पेनभर ही पद्धत आहे. एका दुसऱ्या शहरात न मागितलेल्या पावाचेही पैसे लावले होते मला, तेव्हापासून मी आधी दरपत्रक बघते. सालामांकात तसा प्रसंग आला नाही. आणि खुर्ची घ्यायलाच हवी असं नाही, फरसबंदीवर बसायला काही लागत नाही.

कोवळं_ऊन

कमानींच्या मधल्या त्या गोल चेहऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. ते कोण आहेत? आणि तिथे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याचाही चेहरा होता आणि तो काढला, असं वाचलं होतं. खरं आहे का?

अंगणवेल

खरं आहे. लिहायचं राहिलंच.

प्रत्येक दोन कमानींच्या मधल्या त्रिकोणात एक दगडी पदक आहे, त्यात चेहरा कोरलेला. पूर्वेच्या बाजूला राजे-राण्या. दक्षिणेला सेनापती आणि समुद्रापार गेलेले: कोलंबस, मेक्सिको जिंकणारा कोर्तेस, पेरू जिंकणारा पिसारो. पश्चिमेला लेखक, संत, विद्वान: सेर्व्हान्तेस, आव्हिलाची संत तेरेसा, आणि सालामांका विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले उनामुनो. एक इंग्रज सेनापतीही आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८१२ च्या जुलैमध्ये गावाजवळच्या आरापिलेसच्या लढाईत त्याने फ्रेंचांना हरवलं. सगळी पदकं एका वेळी झालेली नाहीत. काही विसाव्या शतकात कोरली, काही आजही कोरी गोल आहेत. मला ती कोरी पदकंच जास्त आवडली. लेक म्हणायची, 'अजून जागा आहे.'

फ्रँकोचं पदक राजांच्या रांगेत होतं. यादवी युद्धात १९३६ मध्ये त्याने आपलं मुख्यालय सालामांकालाच, कॅथेड्रलसमोरच्या बिशपच्या वाड्यात थाटलं होतं, तेव्हा गावाशी संबंध होताच. २०१७ च्या जूनमध्ये ते पदक उतरवलं.

कोवळं_ऊन

धन्यवाद. पण मग असं उतरवणं योग्य का? इतिहास घडला तो घडला. कोर्तेस आणि पिसारो तरी कुठे धुतल्या तांदळाचे होते?

अंगणवेल

कोर्तेस-पिसारोबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि तिथेही यावर बोललं जातं. पण फ्रँकोबद्दल मला काही शंका नाही. वर सांगितलेल्या आजींच्या वडिलांना १९३६ च्या उन्हाळ्यात घरातून नेलं, ते परत आले नाहीत. त्या ऐंशी वर्षं रोज दूध आणायला त्या चेहऱ्यासमोरून गेल्या. मी विचारलं, रोज वर बघायचात का? म्हणाल्या, 'त्या बाजूच्या कमानींखालून मी कधी चालले नाही. मधूनच जायची, उन्हातून.' आता त्या बाजूने चालतात. इतिहास पुस्तकात आणि संग्रहालयात राहू दे. रोजच्या वाटेवर कोणाचा सन्मान करायचा हे ठरवायचा हक्क त्या वाटेवरून चालणाऱ्यांचा आहे.

सुतारपक्षी

हे वाचून थांबलो. चौकाच्या नकाशावर मी हे कधी मांडू शकलो नसतो.

मांडवीकाठ

पणजीहून. या गावाचा आमच्याशी एक जुना धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पणजीत चर्चसमोर जी बाग आहे तिचं नाव गार्सिया दे ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य शिकला तो सालामांका आणि आल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत. घराणं मूळचं ज्यू, स्पेनमधून हाकललेलं, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. १५३४ मध्ये तो गोव्याला आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. इथली औषधी झाडं, मसाले, फळं यांवर त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. तो गेल्यावर, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली.

तो सालामांकात होता तेव्हा हा चौक नव्हता, हे उघड आहे. पण अंगणवेल म्हणाल्या तो सान मार्तिनचा बाजार होता, भाजीपाला आणि जडीबुटींचा. झाडपाल्यावर पुढे जन्म घालवणारा विद्यार्थी त्या बाजारात फिरला नसेल असं मला वाटत नाही. मी बागेतून जाताना आता हेच आठवेन.

मुक्कामपोस्ट, जमलं तर त्या चौकात उभ्या राहून मुलांना एवढं सांगा, की इथे शिकलेला एक माणूस मुंबईचा भाडेकरू होता.

पाटी_पेन्सिल

मी आत्ता सालामांकातच आहे, पदव्युत्तर शिक्षणासाठी. काही भर.

इथे कोणी 'चौकात भेटू' म्हणत नाही, 'घड्याळाखाली' म्हणतात. देबाहो देल रेलोह. नगरपालिकेच्या इमारतीवरचं घड्याळ. संध्याकाळी साडेआठ-नऊला तिथे शंभरएक माणसं कोणाची तरी वाट बघत उभी असतात. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मला कोणी ओळखत नव्हतं. मी रोज जाऊन त्या घोळक्यात उभी राहायचे, कारण तिथे एकटं उभं राहिलेलं विचित्र दिसत नाही. सहाव्या दिवशी वर्गातली एक मुलगी तिच्या मैत्रिणीची वाट बघत होती, ती मला म्हणाली, 'आमच्याबरोबर ये.'

डिसेंबरच्या मध्यावर इथे विद्यार्थ्यांचं नवं वर्ष साजरं होतं, कारण खऱ्या ३१ तारखेला सगळे आपापल्या गावी असतात. घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची देशभर रीत आहे, इथे द्राक्षांऐवजी जेलीच्या गोळ्या खातात. मे महिन्यात चौकातच पुस्तकांचा मेळा भरतो. २५ जुलैच्या सुमाराला नगरपालिकेच्या घंटांवर बैलाच्या आकाराचा धातूचा वातकुक्कुट चढवतात, त्याला मारिसेका म्हणतात. सप्टेंबरची जत्रा जवळ आली याची ती खूण. पूर्वी बैलांच्या झुंजी याच चौकात व्हायच्या. एवढ्या बाल्कन्या का, याचं एक उत्तर तेच.

एकोणीसशे पन्नासच्या दशकापर्यंत मधोमध बाग आणि झाडं होती हे मात्र मला इथे येऊन जुन्या फोटोंत कळलं. आताची मोकळी फरसबंदी त्यानंतरची.

मुक्कामपोस्ट, तुम्ही ३१ ऑक्टोबरला इथे असाल तर फार नशीबवान. त्या दिवशी पारंपरिक वेषातला एक माणूस कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर शिखरापर्यंत चढतो आणि वरून बासरी-ढोल वाजवतो. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनचा भूकंप झाला, त्यात इथला मनोरा हादरला पण पडला नाही आणि गावात कोणी दगावलं नाही, त्याची ही आठवण. चौक पूर्ण होण्याचा काळ आणि हा भूकंप एकच, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

मुक्कामपोस्ट

सगळ्यांचे आभार. तोलेदो कापलं. ३० आणि ३१ अशा दोन रात्री सालामांका, चौकापासून दोन गल्ल्या सोडून खोली मिळाली, स्वयंपाकघरासकट.

शेंगदाणाकूट

दोन रात्री! झकास. मसूर नक्की घ्या.

मुक्कामपोस्ट

परत आले, तेव्हा इथे लिहिणं आवश्यकच.

पाकोळ्या दिसल्या नाहीत, त्या ऑगस्टपर्यंत निघून जातात असं तिथे कळलं. बाकी सगळं होतं. ऑक्टोबरअखेर असल्याने दिवे लवकर लागले. धाकटा जमिनीवर बसून गोळ्या खात होता, एकदम उजेड झाल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या गोलातल्या मुलींनीही वाजवल्या.

कॅथेड्रलखाली ३१ ला तुफान गर्दी होती. सासऱ्यांना तिथे उभं राहणं जमणार नव्हतं, म्हणून ते म्हणाले, तुम्ही जा, मी चौकात बसतो. जीव थोडा टांगणीला होता. तासाभराने येऊन बघतो तर बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन म्हातारे, काठ्या गुडघ्यांत उभ्या. भाषा कोणालाच येत नव्हती. सासरे खिशातून कागद काढून दाखवत होते, त्यावर त्यांनी कमानी मोजायला पाच-पाचच्या रेघा मारल्या होत्या. ८८ भरल्या होत्या. त्या चौघांतला एक जण तरीही मान हलवून बोटाने पुन्हा पहिल्या कमानीपासून सुरुवात करत होता.

अंगणवेल, हे तुमचेच चौघे का? मधल्याच्या डोक्यावर करडी चपटी टोपी होती आणि डाव्या टोकाचा सारखा घड्याळाकडे बघत होता.

अंगणवेल

टोपीवाला मधला, घड्याळ बघणारा डावीकडचा. तेच.